जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर घरी दुरुस्त करताना: आधी काय तपासायचं, काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं

माळ्यावर दहा-पंधरा वर्षं पडून असलेला ॲम्प्लिफायर खाली काढला की हात आधी प्लगकडे जातो. चालतोय का, एवढंच बघायचं असतं. नेमकं तेवढंच करू नका. धडधाकट सेट जळतात ते बऱ्याचदा या पहिल्या मिनिटात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या (जुने मेकॅनिक याला कंडेन्सर म्हणतात) आत ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. वर्षानुवर्षं व्होल्टेज मिळालं नाही की तो कमकुवत होतो. त्यावर एकदम पूर्ण व्होल्टेज आलं की कपॅसिटरमधून गळती सुरू होते, तो तापतो, फुगतो, आणि जाताना रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे डायोड) किंवा फ्यूजही सोबत घेऊन जातो.

इथे लिहिलंय ते साधारण १९७० ते १९८५ या काळातल्या ट्रान्झिस्टरच्या सेटबद्दल: जपानहून किंवा आखातातून आलेले सॅन्सुई, पायोनियर, केनवुड, मरँट्झ, १९७८ साली आलेला नॅड ३०२०, आणि आपल्याकडचे कॉस्मिक, सोनोडाइन वगैरे. दर चॅनलला १५ ते ४० वॅट, आणि बहुतेकांत धातूच्या टोपीचे, टीओ-३ आकाराचे आउटपुट ट्रान्झिस्टर. व्हॉल्व्हचे सेट यात धरलेले नाहीत. त्यात ३०० ते ४५० व्होल्ट डीसी फिरत असतात आणि तो पहिल्या प्रयत्नाला हात घालण्याचा विषय नव्हे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे ती पावलोपावली लागेल. स्टिरिओ सेटमध्ये सर्किट दोनदा असतं, डावं आणि उजवं. दोन्ही चॅनल एकदम गेलेत असं फार कमी वेळा होतं, आणि झालं तर दोष बहुधा पॉवर सप्लायमध्ये असतो. म्हणजे जो चॅनल चालतोय तोच तुमचा नकाशा. सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर उत्तमच, नाही मिळालं तर चालू चॅनलवर प्रत्येक बिंदूचं व्होल्टेज मोजून वहीत लिहा आणि बंद चॅनलवर तेच बिंदू मोजा. जिथे आकडे फाटतात तिथे दोष. म्हणूनच दोन्ही चॅनल एकाच वेळी खोलून बसू नका. एक नेहमी शाबूत ठेवा.

प्लग न लावता करायचं काम

मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा. जपानमधल्या घरगुती बाजारासाठी बनलेला सेट १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला ११७ किंवा १२० चा. काहींच्या मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो. तो २२० किंवा २४० वर आहे हे डोळ्यांनी बघून खात्री करा, कोणी सांगितलं म्हणून धरून चालू नका. १०० व्होल्टचा सेट बाजारात सहज मिळणाऱ्या २३० ते ११० व्होल्टच्या स्टेपडाउनवर लावला तर आतली सगळी व्होल्टेज दहा टक्क्यांनी वर जातात. जुन्या कपॅसिटरना तेवढी सवड नसते, म्हणून १०० व्होल्टचाच स्टेपडाउन घ्या. जपानमध्ये पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झ वीज असल्याने तिथले सेट दोन्हीवर चालतात. फक्त ६० हर्ट्झ लिहिलेल्या अमेरिकन सेटचा ट्रान्सफॉर्मर मात्र आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो.

आता झाकण काढा आणि काहीही हलवण्याआधी भरपूर फोटो घ्या: वरून, बाजूने, प्रत्येक वायर कुठे जाते ते जवळून. नंतर हजारदा उपयोगी पडतात.

मऊ ब्रश आणि कमी वेगाच्या ब्लोअरने धूळ काढा. आपल्याकडे आत धुळीबरोबर झुरळांची घाण, कोळिष्टकं आणि पालीच्या अंड्यांची टरफलंही सापडतात. झुरळांची घाण ओल धरते आणि पीसीबीवरच्या (सगळे भाग बसवलेल्या छापील सर्किटच्या पाटीवरच्या) तांब्याच्या रेघा खाते. ती नुसती झटकून भागत नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या टूथब्रशने घासून काढावी लागते.

जपानी सेटमध्ये मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून खाली गोंद लावलेला असतो. नवा असताना तो पिवळसर, मलईच्या रंगाचा असतो. वय झालं की गूळ जळल्यासारखा तपकिरी, कडक होतो. हा तपकिरी गोंद थोडीफार वीज वाहतो आणि शेजारच्या रेझिस्टरचे, डायोडचे पाय कुरतडतो. लाकडी टूथपिकने किंवा नखासारख्या टोकदार प्लास्टिकने सावकाश खरवडून काढा. त्याच्याखाली एखादा पाय काळा पडून केसाएवढा बारीक झालेला दिसला तर तो भाग लगेच बदला. कारण न समजणारा, कधी येणारा कधी जाणारा दोष अनेकदा इथेच असतो.

फ्यूज काढून बघा. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल तर मोठा शॉर्ट झालाय. तार नुसती मधे तुटली असेल तर वयामुळे किंवा थोड्या जास्त भारामुळे गेला असण्याची शक्यता आहे. फ्यूजवर तार किंवा सिगारेटची चांदी गुंडाळलेली दिसली तर समजा की कोणीतरी खरा दोष न शोधता सेट पुन्हा चालू करून पाहिलाय, आणि आउटपुट ट्रान्झिस्टर तपासायच्या तयारीला लागा.

मेनच्या स्विचवर ठिणगी मारण्यासाठी एक छोटा कपॅसिटर असतो. युरोपीय सेटमध्ये तो पारदर्शक पिवळसर, बारीक तडे गेलेला असेल तर न मोजता काढा. त्यातला कागद ओल धरतो आणि एके दिवशी तो धूर काढत फुटतो. जागी तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, 'एक्स२' आणि '२७५ व्होल्ट एसी' असं छापलेलाच लावा. ४०० व्होल्ट डीसीचा साधा कपॅसिटर इथे चालत नाही.

प्रत्येक वेळी आत हात घालण्याआधी फिल्टर कपॅसिटर (पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर) रिकामे करायचे. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून नव्हे: त्या ठिणगीने कपॅसिटरची आतली जोडणी आणि पीसीबीची रेघ दोन्ही दुखावतात. २२० ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरला दोन इन्सुलेटेड क्लिपा लावून ठेवा. तो पंधरा सेकंद धरा आणि मग मीटरने मोजून एक-दोन व्होल्टच्या आत आलंय हे बघा.

सिरीज बोर्ड

इलेक्ट्रिशियन ज्याला सिरीज बोर्ड किंवा टेस्ट लॅम्प म्हणतात तो या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं साधन. एका लाकडी फळीवर स्विच, बल्बचा होल्डर आणि तीन-पिन सॉकेट. फेजची वायर स्विचमधून बल्बच्या होल्डरला, होल्डरच्या दुसऱ्या टोकातून सॉकेटच्या फेजला. न्यूट्रल आणि अर्थ सरळ. होल्डरमध्ये जुना, तारेचा पिवळा बल्ब लागतो. एलईडी किंवा सीएफएल अजिबात नाही, कारण आपल्याला तारेचा गुण हवाय: थंड असताना तिचा रोध कमी असतो, तापली की अनेक पटींनी वाढतो. सेटमध्ये शॉर्ट असेल तर सगळं व्होल्टेज बल्बवर पडतं, तो प्रखर पेटतो आणि सेट वाचतो. पहिल्या वेळी ६० वॅटचा बल्ब, पुढे १०० चा.

स्पीकर काढून ठेवा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, आणि चालू करा. बल्ब क्षणभर उजळला आणि एक-दोन सेकंदांत मंद लालसर किंवा जवळजवळ विझल्यासारखा झाला, तर शॉर्ट नाही. तसाच वीस मिनिटं ठेवा. एवढ्या वेळात कपॅसिटरवरचा थर थोडाफार सावरतो. मधूनमधून वीज बंद करून कपॅसिटरना बोटाने स्पर्श करा. कोणताही कोमट लागला तर तो गेलाय. बल्बमुळे व्होल्टेज कमी मिळत असल्याने ज्या सेटमध्ये स्पीकरचा रिले आहे तो बहुधा 'टक' करणार नाही. ते दोष मानू नका.

बल्ब उजळलेलाच राहिला, तर पुढच्या क्रमाने शोधा. वीज बंद, कपॅसिटर रिकामे, ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या (सर्किटकडे जाणाऱ्या बाजूच्या) वायर सोडवा आणि पुन्हा चालू करा. अजूनही बल्ब प्रखर असेल तर ट्रान्सफॉर्मर गेला. विझला तर ट्रान्सफॉर्मर ठीक आहे. आता मीटर डायोड रेंजवर ठेवून रेक्टिफायरचे चारही डायोड तपासा. एका बाजूने ०.५ ते ०.६, उलट बाजूने काहीच नाही, हे बरोबर. दोन्ही बाजूंनी शून्य म्हणजे शॉर्ट. डायोडही ठीक असतील तर आउटपुटकडे वळा.

आउटपुट ट्रान्झिस्टर

टीओ-३ ट्रान्झिस्टरला खालून दोन पाय: बेस आणि एमिटर. टोपी म्हणजेच कलेक्टर. ट्रान्झिस्टरचे एनपीएन आणि पीएनपी असे दोन प्रकार. एनपीएन असेल तर लाल प्रोब बेसवर ठेवून एमिटर आणि कलेक्टर दोन्हीकडे ०.५ ते ०.६५ यायला हवं, आणि कलेक्टर-एमिटरमध्ये दोन्ही दिशांनी काही नाही. कलेक्टर-एमिटर शून्य दाखवत असेल तर तो गेला, आणि सर्वाधिक वेळा हेच सापडतं. सर्किटमध्ये असताना शेजारचे छोटे रेझिस्टर वाचन बिघडवतात, म्हणून शंका आली की काढूनच मोजा.

एक आउटपुट गेला की तो एकटा जात नाही. त्याच चॅनलचा दुसरा आउटपुट, दोन्ही ड्रायव्हर (आउटपुटला चालवणारे छोटे ट्रान्झिस्टर, आपल्या सेटमध्ये बहुधा एसएल१०० आणि एसके१००), एमिटरचे ०.२२ ते ०.४७ ओहमचे रेझिस्टर आणि बायसचे डायोड (बायस म्हणजे आवाज नसतानाही आउटपुटमधून वाहणारा ठरावीक करंट), हे सगळं तपासून, गेलेलं सगळं बदलून मगच वीज द्या. एक भाग बदलून 'बघू' म्हणून चालू केलं तर नवा भाग सेकंदाच्या आत जातो.

जुन्या भारतीय सेटमध्ये वरचा आणि खालचा, दोन्ही आउटपुट २एन३०५५ असू शकतात. ही चूक नाही. त्या काळी चांगले पीएनपी पॉवर ट्रान्झिस्टर महाग असत, म्हणून दोन्हीकडे एनपीएन वापरून क्वासी-कॉम्प्लिमेंटरी सर्किट बांधायचे. दुसऱ्या कुठल्या आकृतीत एमजे२९५५ दिसला म्हणून तो इथे बसवलात तर पहिल्याच क्षणी धूर निघेल.

इथे अजून एक बारकावा आहे आणि तो माहीत नसल्याने चांगली दुरुस्ती वाया जाते. सत्तरच्या दशकातला मूळ २एन३०५५ खूप मंद होता, त्याची गती साधारण ०.८ मेगाहर्ट्झ. आज त्याच नावाने मिळणारा वेगळ्या पद्धतीने बनतो आणि २.५ मेगाहर्ट्झच्या वर जातो. मंद ट्रान्झिस्टर गृहीत धरून आखलेल्या सर्किटमध्ये हा चपळ ट्रान्झिस्टर आला की ॲम्प्लिफायर कानाला न ऐकू येणाऱ्या उच्च कंपनात जाऊ शकतो. लक्षणं अशी: आवाज जेमतेम, तरी हीटसिंक (ट्रान्झिस्टर थंड ठेवणारा धातूचा भाग) गरम, आणि आउटपुटवरचा १० ओहमचा रेझिस्टर जळून काळा. हा १० ओहम आणि त्याच्याबरोबरचा ०.१ मायक्रोफॅरड याच कंपनाला आवर घालण्यासाठी असतात, म्हणून आउटपुट बदलले की हे दोन्ही मोजून घ्या. एका चॅनलचे दोन्ही आउटपुट एकाच कंपनीचे, एकाच वेळी बदला.

नकली माल फार आहे. टोपीवरची छपाई ठळक, पत्रा हलका, आणि फोडून पाहिलं तर आतली चिप तांदळाच्या दाण्याएवढी, असं असेल तर तो १५ अँपिअर कधीच सोसणार नाही. ऑनसेमी किंवा एसटीचा माल अधिकृत वितरकाकडून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठ इथे सगळं मिळतं. घेताना पाच-सहा नग मीटरने मोजून जुळणारे निवडा.

बसवताना टीओ-३ आणि हीटसिंकमध्ये अभ्रकाची चकती लागते. दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्टचा इतका पातळ थर द्या की खालचा अभ्रक धूसर दिसत राहील. जाड थर उष्णता अडवतो. स्क्रूभोवतीची प्लास्टिकची बुशिंग तडकलेली असेल तर बदला. घट्ट केल्यावर टोपी आणि हीटसिंक यांच्यात मीटर २० मेगओहम रेंजवर काहीच दाखवता कामा नये. हे मोजण्याचं पाच सेकंदांचं काम टाळल्यामुळे नवे ट्रान्झिस्टर गेलेले आहेत.

बाकी लहान ट्रान्झिस्टरचे पर्याय: बीसी१४७, १४८, १४९ च्या जागी बीसी५४७, ५४८, ५४९, बीसी१५७, १५८ ला बीसी५५७, ५५८, एसएल१०० आणि एसके१०० ला बीडी१३९ आणि बीडी१४०. पायांचा क्रम मात्र वेगळा असतो. प्रत्येक वेळी मीटरने बेस ओळखा, मगच पाय वाकवा. सेटमध्ये ट्रान्झिस्टरऐवजी एसटीके मालिकेतला मॉड्यूल (सगळं आउटपुट सर्किट एकाच तुकड्यात) असेल आणि तो गेला असेल, तर अस्सल मिळेपर्यंत थांबा. बाजारातला नवा चकचकीत मॉड्यूल बहुधा नक्कल असतो.

स्पीकर लावण्याआधीची दोन मापं

पहिलं, आउटपुटवरचं डीसी. सेटला अधिक आणि उणे अशी दुहेरी सप्लाय असेल तर स्पीकरच्या टर्मिनलवर २०० मिलिव्होल्ट रेंजमध्ये मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर गेलं तर इनपुटच्या जोड-ट्रान्झिस्टरकडे आणि फीडबॅकच्या कपॅसिटरकडे बघा. काही व्होल्ट दिसत असतील तर स्पीकर लावूच नका, कॉइल मिनिटभरात जळते.

सप्लाय एकेरी असेल, म्हणजे आउटपुटला १००० ते २२०० मायक्रोफॅरडचा मोठा कपॅसिटर लागून मग स्पीकर, तर त्या कपॅसिटरच्या आधीचा बिंदू सप्लायच्या निम्म्यावर हवा. ६० व्होल्ट सप्लायला ३०, फार तर एखाद-दीड व्होल्ट इकडेतिकडे. कपॅसिटरच्या पुढे १ किलोओहमचा रेझिस्टर लावून मोजा. दोन मिनिटांनी काही मिलिव्होल्टच उरायला हवेत. जास्त उरले तर कपॅसिटर गळतोय, बदला.

दुसरं, बायस. आउटपुटच्या एमिटर रेझिस्टरवर मिलिव्होल्ट मोजायचे. २० मिलिअँपिअरसाठी ०.२२ ओहमवर ४.४, ०.३३ वर ६.६, ०.४७ वर ९.४ मिलिव्होल्ट येतात. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तो अंतिम. नसेल तर १५ ते २५ मिलिअँपिअरच्या दरम्यान ठेवा. आधी सिरीज बोर्डवर प्रीसेट (बायस ठरवणारा छोटा फिरता रेझिस्टर) सगळ्यात कमी बाजूला नेऊन बघा, मग सरळ मेनवर चालू करून सावकाश वाढवा. पंधरा मिनिटं तापू द्या आणि पुन्हा मोजा, कारण गरम झाल्यावर आकडा बदलतो. प्रोब हाताने धरू नका, क्लिप लावा. हात सरकून बेस आणि कलेक्टर जोडले गेले की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बायसचा जुना उघडा प्रीसेट चालू असला तरी बदला. पुष्कळ सर्किटांत त्याचा सरकता काटा धुळीने सुटला की बायस एकदम कमाल होतो आणि आउटपुट जळतात. काढण्याआधी त्याचा रोध मोजून ठेवा, आणि त्याच किमतीचा बंद, अनेक फेऱ्यांचा प्रीसेट तेवढ्यावर फिरवून मग बसवा.

कपॅसिटर: सरसकट नको

सगळे कपॅसिटर एका रात्रीत बदलण्याची पद्धत पडली आहे. ती आम्हाला पटत नाही. चाळीस भाग बदलले की एखादा उलटा बसतो, एखादा टाका कोरडा राहतो, आणि आधी नसलेला दोष तयार होतो. क्रम असा ठेवा: आधी पॉवर सप्लायचे मोठे फिल्टर, मग गरम हीटसिंकजवळचे, मग सिग्नलच्या वाटेतले १ ते १० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक. प्रत्येक टप्प्यानंतर सिरीज बोर्डवर चालवून बघा. फिल्म, मायका आणि सिरॅमिक कपॅसिटर सहसा बिघडत नाहीत, त्यांना हात लावू नका. १ मायक्रोफॅरडच्या जागी जागा असेल तर फिल्म कपॅसिटर बसवा, तो तुमच्यापेक्षा जास्त जगेल.

नव्याचं व्होल्टेज जुन्याइतकं किंवा जास्त, तापमान १०५ अंश. फिल्टरची क्षमता २० ते ३० टक्के वाढली तर हरकत नाही, पण ४७०० च्या जागी १०,००० घालू नका. चालू करताना एवढा मोठा कपॅसिटर भरायला लागणारा करंट डायोड आणि स्विचच्या संपर्कांना झेपत नाही. डबा आकाराने मोठा आणि हातात हलका वाटला तर शंका घ्या. आत छोटा कपॅसिटर भरलेले नग विकले जातात. कपॅसिटरवरची पट्टी ऋण बाजू दाखवते, पीसीबीवर मात्र बहुधा धन बाजूची खूण असते. इथे लोक हमखास फसतात.

सोल्डरिंगला २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न छोट्या भागांना पुरते, मोठ्या कपॅसिटरच्या पायांना आणि चॅसिसच्या अर्थला ६० वॅट लागते. सोल्डर ६०/४०, आत राळ असलेलं, ०.८ मिलिमीटर. पत्र्याच्या डबीतली ॲसिडयुक्त पेस्ट पीसीबीवर कधीच नको. जुन्या पीसीबीची रेघ लवकर सुटते, म्हणून काढायच्या टाक्यावर आधी थोडं नवं सोल्डर घाला, मग सोल्डर विकने सगळं शोषून घ्या. तीन सेकंदांत काम झालं नाही तर थांबा, गार होऊ द्या.

खरखर, गायब झालेला चॅनल, घूं

व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते ती बहुतेक वेळा पॉटमधल्या (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरमधल्या) धुळीने. पॉटच्या मागच्या फटीतून वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर दोन लहान फवारे मारा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा आणि अर्धा तास वाळू द्या. गंज सोडवायचं घरगुती स्प्रे इथे वापरू नका, त्याचं तेल मागे राहून धूळ धरतं. धुऊनही खरखर तशीच राहिली तर पॉटच्या दोन टोकांमध्ये डीसी मोजा. तिथे काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त असेल तर पॉट निर्दोष आहे. आधीचा कपलिंग कपॅसिटर गळतोय. पॉट बदलायचाच झाला तर लॉग प्रकारचा घ्या. जपानी पॉटवर त्याला 'ए' आणि लिनिअरला 'बी' अशी खूण असते. लिनिअर लावला तर सगळा आवाज पहिल्या पाव फेरीतच येतो.

एक चॅनल गायब असेल तर झाकण उघडण्याआधी टेप मॉनिटर, मोनो-स्टिरिओ आणि लाउडनेसचे स्विच पंचवीस-तीस वेळा दाबा. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत हे संपर्क काळे पडतात आणि आवाज अडतो. नॅड ३०२० सारख्या सेटमध्ये मागे प्री-आउट आणि मेन-इन जोडणारे वाकवलेले धातूचे दुवे असतात. ते सैल झाले किंवा काळवंडले की चॅनल जातो. काढा, अल्कोहोलने पुसा, परत घट्ट बसवा. नसतील तर दोन लहान आरसीए वायरींनी काम भागतं.

कमी आवाजात एक बाजू बंद, व्हॉल्यूम जोरात केला की 'फट' करून चालू आणि मग व्यवस्थित: हे स्पीकर रिलेचं अगदी ओळखीचं लक्षण आहे. त्याच्या संपर्कांमध्ये अल्कोहोल लावलेली जाड कागदाची पट्टी ओढून काढा. पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा जातो. पुन्हा झालं तर त्याच कॉइल व्होल्टेजचा, बहुधा २४ व्होल्टचा, नवा रिले बसवा.

एका चॅनलमध्ये पाऊस पडल्यासारखी चुरचुर सतत येत असेल आणि व्हॉल्यूमने बदलत नसेल तर पॉवर भागाच्या इनपुटचे ट्रान्झिस्टर बघा. जपानी सेटमधले २एसए७२६ आणि २एससी४५८ याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. त्यांच्या जागी केएसए९९२ आणि केएससी१८४५ चांगले चालतात, पण जोडीने बदला. बीसी मालिकेतला लावणार असाल तर पायांचा क्रम वेगळा आहे, हे विसरू नका.

घूं आवाज व्हॉल्यूम शून्यावरही तेवढाच राहिला तर फिल्टर कपॅसिटर. व्हॉल्यूमबरोबर वाढला तर प्रीॲम्प किंवा इनपुटची वायर. फक्त फोनोवरच (टर्नटेबलच्या इनपुटवर) येत असेल तर टर्नटेबलची अर्थची वायर मागच्या स्क्रूला लागली आहे का ते आधी बघा. दोन-पिन वायर असलेल्या सेटला तीन-पिन घालताना अर्थ चॅसिसला, रंग खरवडून, दातेरी वॉशरने घट्ट करा. त्याआधी प्लगच्या पिना आणि चॅसिस यांच्यात मीटर किंवा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून गळती नाही याची खात्री करा.

बाहेरचं रूप

समोरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवरची अक्षरं शाईने छापलेली असतात. थिनर, अल्कोहोल किंवा पॉलिश लागलं की ती कायमची जातात. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब, मऊ कापड, आणि अक्षरांवरून नव्हे तर अक्षरांच्या कडेने हात फिरवायचा. नॉब काढून त्याच पाण्यात अर्धा तास भिजवा आणि मऊ टूथब्रशने खाचांतला मळ काढा.

लाकडी पेटीवर तेलाचं फिनिश असेल तर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, वीस मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसा. हे कापड चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि कापड आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर सपाट पसरून वाळवा, मग टाका.

पहिला आवाज

चांगले स्पीकर आत्ता नको. ८ ओहम, ५० वॅटचे दोन रेझिस्टर किंवा एखादा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर लावा. चालू-बंद करताना येणारा 'धप्प' दोन्ही बाजूंना सारखा आहे का ऐका. तासभर मध्यम आवाजात चालवा, दर पंधरा मिनिटांनी डीसी आणि बायस मोजून वहीत दोन्ही चॅनलचे आकडे शेजारी शेजारी लिहा. हीटसिंकवर बोट पाच सेकंद सहज टेकवता आलं पाहिजे, आणि दोन्ही बाजूंची उष्णता सारखी हवी. एक बाजू जास्त तापत असेल तर बायस पुन्हा बघा, तेही ठीक असेल तर आउटपुटवरचा १० ओहमचा रेझिस्टरजवळ बोट नेऊन तो गरम आहे का पाहा. झाकण लावल्यावर वर किमान दहा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, आणि वर दुसरा सेट किंवा कॅसेटची चवड ठेवू नका. दुसऱ्या दिवशी, पूर्ण थंड झाल्यावर, स्पीकर काढून एकदा परत डीसी मोजा. तेव्हाही ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर आता चांगले स्पीकर लावा.